मंत्र्यांचा दुसरा दिवस

२००४च्या सप्टेंबरात मला एसटीत बसवायला अण्णा आले, ते शाळेमागच्या लांबच्या वाटेनं. चौकातून स्टँड पाच मिनिटांवर. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडल्यापासून माझ्या निवृत्त मास्तर वडिलांनी चौक सोडला होता. बुद्धविहारातलं त्यांचं वाचनालयही तेव्हापासून कुलपात होतं. बॅग वर चढवताना म्हणाले, "ग्रीक माणसाचा अभ्यास करायला जर्मनी कशाला?"

मी सांगितलं, हे एकोणिसाव्या शतकातले विद्वान तरुणपणी जर्मनीत शिकले, मायदेशी जाऊन प्राध्यापक आणि पुढे शिक्षणमंत्री झाले. त्यांची पत्रं फ्रँकफर्टच्या एका संग्रहात आहेत.

इथं खोलीशिवाय आनमेल्डुंग नाही, त्या नोंदणीशिवाय बँकेत खातं नाही आणि खात्याशिवाय कुणी खोली देईना. तुमच्यापैकी जे इथं शिकायला आलेत त्यांना हे चक्र पाठ असेल. रविवारी फोन लावला की अण्णा थंडीबिंडी काही विचारत नसत. "तुझे मंत्री काय म्हणतात?" एवढंच. मंत्र्यांनी खेड्यांत शाळा काढल्या, तर विरोधक त्यांना 'जर्मन' म्हणून हिणवू लागले. अण्णा म्हणाले, "गावोगाव तेच."

मग एका रविवारी सांगावं लागलं, "अण्णा, मंत्री पडले."

अण्णांनी विचारलं,

"मग दुसऱ्या दिवशी काय केलं त्यांनी?"

मला माहीत नव्हतं. एकाही पुस्तकात नव्हतं. माझे प्रोफेसर म्हणाले, "हो, हो, पण हा आपला विषय नाही." माझा होता. ते जुनं वळणदार हस्ताक्षर आजच्या जर्मनांनाही लागत नाही. मी तीन महिने डोळे फोडले. शेवटी मंत्र्यांनी जर्मनीतल्या एका जुन्या गुरूला लिहिलेलं पत्र सापडलं. हरल्याच्या दुसऱ्या सकाळी ते वर्गावर गेले होते. जाताना लाज वाटली, पण विद्यार्थी वेळेवर येऊन बसले होते, असं त्यांनीच लिहिलं होतं.

अण्णांना वाचून दाखवलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. आठवडाभर मला चैन नव्हतं. वाटलं, नको तिथं बोट ठेवलं.

पुढच्या रविवारी फोन आईनं उचलला. "हे घरी नाहीत गं. विहाराची किल्ली घेऊन गेलेत." जरा थांबून म्हणाली, "चौकातनं गेले."

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

माझ्या प्रबंधात त्या दुसऱ्या दिवसावर एक प्रकरण आहे. पूर्वी घर म्हणजे पहिल्याच रिंगला अण्णांनी उचललेला फोन होता. आता मी मुद्दाम वाचनालयाच्या वेळेला फोन लावते. अण्णा घरी नाहीत, असं ऐकलं की माझं घर जागेवर असतं.