आपली किती?

मार्चमध्ये सभा. एप्रिलमध्ये आदेश. जूनमध्ये शाळेला कुलूप. जबाबदार: पट मोजणारे अधिकारी, त्यांच्यापुढे मान डोलावणारे समितीचे सदस्य, आणि स्वतःची मुले केव्हाच इंग्रजी शाळेत घालून सभेला मात्र हजर राहिलेले माझे शेजारी.

लोणावळ्यातील आमच्या वस्तीची ही सरकारी प्राथमिक शाळा. सभा तिसरीच्या वर्गात भरली. पटावर मुले होती. बंगल्यांच्या राखणदारांची, हॉटेलांत भांडी घासणाऱ्यांची, बांधकामावरच्या मजुरांची. अधिकाऱ्यांनी पट चाळला आणि विचारले, "यांतली आपली किती?"

फारशी नाहीत, असे एक सदस्य म्हणाले. मग पट नाहीच, असे ठरले.

मागून एक आई उठली. एका बंगल्यावर झाडलोट करणारी.

"सायेब, आमी बंगल्याच्या मागं ऱ्हातो, म्हून आमची पोरं मोजायची न्हाईत व्हय?"

ती लोणावळ्याला लागूनच असलेल्या कुरवंडे गावची. कुरवंडे म्हणजे परमुलूख नव्हे. तरीही तिचा मुलगा 'आपला' नव्हता. तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ आठवला.

याच वर्गात, माझ्या लहानपणी, तपासणीला साहेब यायचे असले की गुरुजी म्हणत, "आपली पुढं, बाकीची दाराशी." आम्ही बौद्ध वस्तीतली मुले चपलांशेजारी बसत असू. माझे नाव पटावर होते. मी मात्र 'बाकीचा' होतो. तेव्हा बसलो.

या वेळी उभा राहिलो. म्हणालो, शिक्षण हक्काच्या कायद्यात 'प्रत्येक बालक' असे शब्द आहेत; 'आपली' हा शब्द कोणत्या कलमात आहे, ते दाखवा.

शाळेसाठीची माझी वर्षानुवर्षांची पत्रे ठाऊक असलेले अधिकारी हसून म्हणाले, "आबा, पत्रं लिहून पट भरत नसतो."

वर्ग हसला. शेजारीही हसले. ती आई हसली नाही. पण तिला कामावर परतायचे होते. बाहेर पडताना माझ्याबरोबर कोणीही चालले नाही. त्यानंतर कोणी माझ्या दारी आले नाही.

आता त्या कुलपासमोर मी रोज एकटा उभा राहतो. राहणार आहे.

माझी मागणी एकच. ज्यांनी 'आपली किती?' हा प्रश्न विचारला, त्यांनी याच दाराशी, चपला ठेवायच्या जागी उभे राहून, त्या आईला तिच्या मुलासमोर सांगावे की तो कोणाचा. लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही. लेखी उत्तरांनी माझे कपाट भरले आहे. तोंडाने विचारलेत, तोंडानेच सांगा. चारचौघांत.