मुखरूची बंडी

चांद्याहून मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर लाकूड चिरायची एक गिरणी होती. जंगलातून आलेले सागाचे लठ्ठे आऱ्यापर्यंत लोटत नेणं, हे मुखरूचं काम. जातीने ढिवर. आजा-बापाने गावच्या तलावात जाळं ओढत जन्म काढला. मुखरूने गिरणी धरली, पण जाळ्यातला वाटा सोडला नव्हता.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या वर्षांत सरकारचा कायदा आला, की मजूर आजारी पडला तर डॉक्टरच्या चिठ्ठीवर त्याला सुटीचाही पगार द्यायचा. मजुरांचा आधी विश्वासच बसेना. उन्हाळ्याच्या तोंडी मुखरूला हिवताप भरला, आणि गिरणीत अशी सुटी घेणारा पहिला माणूस तोच ठरला.

ताप उतरला तरी पाय लटपटत होते. डॉक्टरने आणखी काही दिवस पडून राहायला सांगितलं होतं. त्याच दिवसांत तलावाचं पाणी खाली गेलं आणि सगळ्या ढिवरांनी मिळून जाळं ओढायचा दिवस ठरला. त्या दिवशी घरटी एक माणूस पाण्यात उतरतो. आजारी असेल त्याचा वाटा मात्र कोणी न मागता घरी पोचवतात, ही जुनी रीत. मुखरूला घरी बसायला हरकत नव्हती. पण त्याची बायको रंभा हिचा भाऊ डोमा अंगणात येऊन हसत म्हणाला, "गिरणीचा पगार बी झोपून, तलावाचा वाटा बी झोपून. मजा हाये बाप्पा भाटव्याची."

साळ्याने भाटव्याची, बहिणीच्या नवऱ्याची, केलेली थट्टा ती. पण मुखरूला ती लागली. रंभा नको नको म्हणत असताना तो उठला आणि छातीभर पाण्यात उतरला.

जाळं काठाला लागलं तेव्हा मरळ मासे घ्यायला आसपासच्या गावांतून माणसं जमली होती. त्यांत गिरणीचे मॅनेजरही होते. खांद्यावर जाळ्याचा दोर घेऊन मुखरू पाण्याबाहेर आला तो थेट त्यांच्यासमोर. साहेबांनी आवाज चढवला नाही. "बरं वाटतं का आता?" एवढंच विचारलं, आणि मासे न घेताच गेले. मुखरूचे ओले हात जोडलेलेच राहिले.

पुढल्या आठवड्यात गिरणीचा नवा हुकूम निघाला. आजारी मजुराने रोज सकाळी फाटकावर येऊन कारकुनाला तोंड दाखवायचं, नाहीतर पगार नाही. कारण कोणी सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

पावसाळ्यात आऱ्यावरचा चैतू तापाने पडला. काठी टेकत फाटकापर्यंत आला, तिथेच ओकला आणि लठ्ठ्यांना टेकून बसला. मुखरू पाणी घेऊन धावला. चैतूने चूळ भरली आणि हळूच म्हणाला, "औंदा मरळ लय निघाली म्हणे, मुखरूभाऊ."

मुखरूला वर पाहवेना. तो तसाच मॅनेजरकडे गेला. म्हणाला, "माही मजुरी कापा साहेब, मले कामावरून काढा. पण चैतूले घरी राहू द्या. चूक माही हाये, ताप त्याचा हाये."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्यावर विश्वास ठेवला होता. आता कोणावर ठेवू, तूच सांग."

हुकूम काही मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मुखरूने घरची बैलबंडी जुंपली, आत भाताच्या तणसावर घोंगडी अंथरली आणि चैतूच्या दारात उभी केली. चैतू चढून घोंगडीवर आडवा झाला. फाटकावर तोंड दाखवून झालं, की मुखरू त्याला परत घरी सोडी आणि मग धावतपळत कामावर येई. पुढे जो कोणी आजारी पडे, त्याच्या दारात ती बंडी यायचीच. नव्या मजुरांना तो मोठा परोपकारी वाटे. कोणाची बायको पाया पडायला वाकली, की मुखरू बैलाच्या गळ्यातलं जोतं सारखं करायला वळे. डोमाने पुन्हा थट्टा केली नाही. उलट बैल दमले की आपली जोडी आणून देई.

एका हिवाळ्यात मुखरूलाच पुन्हा हुडहुडी भरली. तरी बंडीत दुसऱ्या आजाऱ्याला घेऊन तो फाटकावर आला. अंगाभोवती कांबळं घट्ट गुंडाळलेलं होतं. कारकुनाने ते पाहिलं आणि विचारलं, "मुखरू, तुझंही नाव आजाऱ्यांत घेऊ का?"

"नाई जी," मुखरू म्हणाला, "मी बरा हावो."

आजाऱ्याला घरी सोडून तो परत आला, अंगावरचं कांबळं फाटकाच्या खुंटीला अडकवलं आणि लठ्ठ्यांकडे गेला.