पितळी पट्टीखालचा रंग

गेल्या महिन्यात मी अर्धा लिटर हिरवा रंग तयार केला. त्याला खरा खर्च किती आला ते सांगतो... तीन रविवार, रंगवून फेकलेले अकरा पत्रे, एक बरा शर्ट, आणि मेव्हण्याकडच्या साखरपुड्याला उशिरा पोचलो म्हणून बायकोचा तीन दिवसांचा अबोला.

हातखंब्याला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. लांज्याला दुसऱ्याच्या गॅरेजात पत्रे घासण्यापासून सुरुवात केली, आज स्वतःचा पेंट बूथ आहे. कलर मॅचिंगचं मशीन मात्र घेतलं नाही. विकायला कोणी आला की त्याला चहा पाजतो आणि सांगतो, मशीन समोर बसलंय... त्यात हिरवा तर माझा हातचा मळ.

तर एका रविवारी सकाळी एक निवृत्त शिक्षिका आल्या. वय एक्याऐंशी, अजूनही सगळे त्यांना बाईच म्हणतात. सोबत त्यांची भाची, आणि मागे टेम्पोवर चढवलेली दुसऱ्या महायुद्धातली जीप.

बाईंचे वडील त्या लढाईत लष्करात ड्रायव्हर होते. परत आल्यावर काही वर्षांनी त्यांनी लिलावात ही जीप घेतली आणि भाड्याने चालवली. पुढे तिच्यावर पिवळा चढला, निळा चढला, एका निवडणुकीत पांढराही. आता गावच्या बुद्धविहाराच्या आवारात ती उभी करायची होती, गावातल्या सैनिकांची आठवण म्हणून... मूळच्या लष्करी रंगात.

"फोटो आहेत, पण सगळे काळे-पांढरे," बाई म्हणाल्या. "तो रंग बघितलेली आता मी एकटीच. आणि महिनाअखेरीला मी मुलाकडे डोंबिवलीला चालले, कायमची. मी गेल्यावर बरोबर की चूक, सांगायला कोण नाही."

मी म्हटलं, बाई, काळजी सोडा.

डॅशबोर्डवर गाडीचा नंबर कोरलेली एक पितळी पट्टी होती. ती कधीच कोणी काढली नव्हती. स्क्रू सोडवले, पट्टी उचलली... खाली दोन बोटं रुंद मूळ रंग. वॉटर पेपर पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासला, तर असा गडद, रसरशीत हिरवा वर आला की बघत राहिलो.

ओला असतानाच मी शेड पकडली. आम्ही गाड्यांचे पेंटर तसंच करतो. पत्रा ओला असला की वरून चमकीचं लॅकर मारल्यावर तो कसा दिसेल ते कळतं. दुपारपर्यंत रंग जुळला, संध्याकाळी बॉनेट रंगवून मोकळा.

पुढच्या रविवारी बाई बघायला आल्या. चष्मा पुसला, बॉनेटला एक फेरी मारली. "छान झालाय हो पेंटर. मेहनत घेतलीत."

मी चहा सांगायला वळलो. कॉम्प्रेसर चालू होता, त्यांना वाटलं मला ऐकू जाणार नाही. पण त्याच आवाजात इंजिनांचे खोकले ओळखत माझं आयुष्य गेलंय... बाई भाचीला हळूच म्हणत होत्या, "बाबा पऱ्याच्या पाण्यात जीप धुवायचे ना, तेव्हा अशी दिसायची. वाळली की वेगळी. राहू दे, त्यांना काय बोलू नको. बिचाऱ्याने मनापासून केलंय."

बाईंनी पास केलं होतं, मी गप्प बसलो असतो तर काम संपलं होतं. आणि ती जीप चुकीच्या रंगात कायमची उभी राहिली असती... कोणाला कधी कळलंही नसतं.

त्या गेल्यावर पट्टीखालची जागा पुन्हा ओली करून कोरड्या फडक्याने पुसली, पंखा लावला. वाळल्यावर रंग फिका झाला, मातकट, चमक शून्य. लढाईतल्या गाडीला चमक असेल कशाला, विमानातनं दिसायला? इतकी साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात लॅकर.

भाचीला फोन केला. म्हटलं, बॉनेटवर फुगे आलेत, रंग काढावा लागेल, बाईंना पुढच्या रविवारी परत आणा.

"फुगे? मला तर एकपण नाय दिसला."

"तुम्ही गेल्यावर आले."

ती म्हणाली, "काका, तुमचे कान तिखट आहेत हो."

मग आठवडाभर तोच उद्योग. पत्र्याचा तुकडा रंगवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, उन्हात नेऊन मूळ रंगाला लावून बघायचा. एक नव्या टेम्पोसारखा, एक शेवाळासारखा, एक चक्क पोपटी. बाराव्या तुकड्याची कड मूळ रंगाला लावली... आणि कड दिसेनाशी झाली.

रविवारी बाई आल्या, डोंबिवलीला जायला चार दिवस उरले होते. नव्याने रंगवलेल्या बॉनेटवरनं हात फिरवला आणि तळहात उलटा करून बघितला.

"बाबांच्या जीपच्या रंगाची भुकटी हाताला लागायची," त्या म्हणाल्या. "आई ओरडायची, हात धुतल्याशिवाय भाताला बसू नका म्हणून." पुन्हा हात फिरवला. "ही लागत नाही. पण रंग हाच."

मग म्हणाल्या, "मला वर चढवा." मी आणि भाचीने धरून त्यांना बसवलं, ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर. बऱ्याच वेळाने उतरल्या.

आता अख्खी जीप त्या रंगात विहारापाशी उभी आहे. शाबासकी देणारे खूप भेटले, पण त्या दिवशी माझ्या माघारी जे बोललं गेलं त्याचे उपकार जास्त... बाई, वाचत असाल तर हे तुमच्यासाठी.

पुढे कधी कोणाला टचिंग करावं लागलं तर अडायला नको, म्हणून रंगाचं प्रमाण बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय. पिवळी माती, काळा, जरासा पांढरा. हिरव्याचा त्यात एक थेंबही नाही.