एक मत बाजेवर

गिरडजवळच्या आमच्या गावात दारूबंदी. साऱ्या वर्धा जिल्ह्यातच बंदी. पण कायदा नाल्यापर्यंतच! नाल्यापल्याड नागपूर जिल्हा, अन् पहिल्याच गावात सरकारमान्य देशी दारूचं दुकान. आमचे बंदीवाले रोज संध्याकाळी पायजमा वर खोचून नाला ओलांडायचे.

त्यात शेजारच्या अनुसयाबाईंचे मालक रूपरावही होते. असेच पीत राहिलात तर वर्ष निघणार नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं.

२००४ साली पल्याडच्या बायांनी दुकान बंद करण्यासाठी मतदान मागून घेतलं. चिठ्ठीवर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मत फक्त त्या गावच्या बायांना. अनुसयाबाईंना मत नव्हतं, तरी महिनाभर त्या निंदण आटोपून पल्याड दारोदार फिरल्या. "माह्या कुकवासाठी तरी बाटली आडवी करजो माय!"

त्यांची लेक ज्योत्स्ना त्याच गावात दिलेली. पण ती बाळंतपणाला माहेरी आली होती. मतदानाच्या सकाळी म्हणाली, "आई, मी बैलबंडीत बसून जाऊन येतो ना."

"सव्वा महिन्याले चार दिवस बाकी हायेत. ओली बाळंतीण नाला ओलांडते का कुठं? तिथं बायाईची रांग लागली असन. तू पड गुमान."

संध्याकाळी मोजणी झाली. आडवी तीनशे पाच, उभी अठ्ठ्याऐंशी. बायांनी गुलाल उधळला, अनुसयाबाई तर चक्क नाचल्या. तेवढ्यात मोजणीच्या साहेबांनी हात वर केला.

"थांबा. यादीत सहाशे अकरा बाया आहेत. बंदीला यादीच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे तीनशे सहा मतं लागतात. एक कमी पडलं. दुकान चालू राहील."

म्हणजे घरी बसलेली बाई आपोआप दुकानदाराची? कसला हा हिशेब! माझं डोकं आजही सणकतं. अनुसयाबाईंनी साहेबांना तीनदा विचारलं, "एकच?"

घरी बाजेखाली शेगडी धुमसत होती. ज्योत्स्नानं उठून बसत विचारलं, "झाली का आडवी?"

अनुसयाबाई उंबऱ्यातच बसल्या. गुलालाचे हात मांडीवर तसेच. "तुले म्याच अडवलं वं. म्याच."

रूपराव आतून आले. चपला पायात सरकवल्या, उंबऱ्यात बसलेल्या बायकोला म्हणाले, "सरक जराशी. दुकान चालू हाये म्हणतेत ना?"