बाबांचा ताप आणि माझी दुपारची गाडी

मे महिन्यात ग्वाल्हेरमध्ये ताप कुणाला आहे हे ओळखणं सोपं नाही. गाद्या, खुर्च्या, भांडी, सगळेच तापलेले असतात. त्या दिवशी मला मात्र ते ओळखायलाच हवं होतं.

लेक पुण्यात, पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले, आणि माझी दुपारची गाडी. निघण्यापूर्वी पाया पडायला माधवगंजला आई-बाबांकडे गेले, तर बाबा भर उन्हाळ्यात चादर गुंडाळून बसलेले. डोळे लाल. "ताप असेल तर मी जाणार नाही," असं मी जाहीर करून टाकलं, आणि तिथेच चुकले.

"ताप-बीप काही नाही," बाबा म्हणाले. आईने त्यांच्या कपाळाला हात लावला. "गारच आहेत गं." आईच्या हाताचा निकाल आमच्या घरी शेवटचा असतो. शाळा बुडवायचे माझे कितीतरी ताप त्या हाताने जागच्या जागी उतरवले होते.

तरी मन मानेना. भावाने करोनाच्या वेळची, कपाळावर रोखायची गन आणली. बाबा शंभर, भिंत एकशे तीन, देव्हाऱ्यातला गणपती एकशे दोन. "ताई, ये तो भगवान को भी बुखार बता रही है!" भाऊ म्हणाला.

बाबा फिजिक्सचे निवृत्त मास्तर. त्यांची श्रद्धा फक्त पाऱ्यावर. पण त्यांचा थर्मामीटर कपाटातून काढला तेव्हाच एकशे सहावर चढून बसलेला. "खोलीचं तापमान दाखवतोय, उसका क्या दोष?" म्हणत ते तो माठाच्या पाण्यात गार करून झटकायला स्वतः स्वयंपाकघरात गेले, आणि तोंडात धरूनच बाहेर आले. मिनिटभर तसेच बसले. मग पारा पुन्हा चढायच्या आत घाईघाईने वाचला. पंच्याण्णव.

"देख लो! नॉर्मलपेक्षाही कमी."

इतक्यात त्यांच्या दाढेखाली काहीतरी कुडुम् वाजलं. बर्फ! बगलेत कांदा ठेवून ताप आणणारी पोरं जन्मभर पकडलेला हा माणूस गालात बर्फ धरून बसला होता. मी हसले, मग चिडले. बाळासाठी बॅगेत घेतलेला डिजिटल थर्मामीटर काढून त्यांच्या बगलेत दाबून धरला. एकशे दोन.

मी आईकडे वळले. "हात लावल्यावर तुला कळलं नाही?"

"कळलं," आई म्हणाली. "तुझ्या बाळंतपणाला तू इंदूरला होतीस. माझी बॅग भरून तयार होती, आणि ह्यांना असाच ताप आला. मी थांबले. तू रात्रभर मला हाका मारत होतीस म्हणे. ते अजून माझ्या जिवाला लागून आहे, बेटा. ह्यांना आम्ही बघतो. तू निघ."

इतक्या वर्षांत हे ती एकदाही बोलली नव्हती. मला रडू आवरेना. तशातच मी आधी डॉक्टरांना फोन लावला आणि मग ऑटोवाल्याला.