सुफियानच्या दोन पेट्या

खालापुरात सुफियानला कोणी नुसतं सुफियान म्हणत नाही, ‘डबल’ म्हणतात. कुलूप लावून चार पावलं गेला की परत येणार, ओढून बघणार. झेरॉक्स दोन, चष्मे दोन, गाडीच्या चाव्या दोन. असा सगळं दोनदा करणारा माणूस, पण पस्तिशी आली तरी लग्न एकदाही झालेलं नाही, असं आळीतल्या बायका त्याच्या तोंडावर म्हणतात आणि तो हसून घेतो.

नोकरीही स्वभावाला साजेशी मिळाली. एका कंपनीचं डेटा सेंटर साजगावजवळ, दुसरं कर्जतच्या बाजूला. दवाखान्यांचे रिपोर्ट, शाळांचे दाखले, कोणाकोणाचं काय काय तिथल्या थंडगार हॉलमध्ये साठवलेलं. एक जागा जळाली-बुडाली तरी दुसरीकडे सगळं शाबूत राहावं म्हणून बॅकअप सर्व्हरांची मांडणी सुफियान करतो. त्याचा पक्का नियम असा, की इकडे कोणी चुकून पुसलं तरी तिकडे ते तीस दिवस जपलेलं असलं पाहिजे.

त्याची आई, झिनतचाची, गेल्या वर्षी गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. त्याचे वडील अलीचाचा कुंभिवलीच्या नाक्यावर टेंपो लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे आणि चाची घरून फोनमध्ये बोलून पाठवायच्या: कोथिंबीर आणा, कालची जून होती. सहा वर्षांत असे शेकडो निरोप साठले. त्या गेल्यावर अलीचाचांनी रिवाजच पाडला. तिसऱ्या प्रहरची, असरची नमाज झाली की ओट्यावर बसायचं आणि एक निरोप ऐकायचा. रोज एकच. पुरवून पुरवून. “चाचा, आज कोथिंबीर का कोळंबी?” म्हणून जाणारे-येणारे चिडवायचे.

चाचांचा फोन भरला तेव्हा सुफियानने साठवणीच्या, नेटवरून एकमेकींना जोडलेल्या दोन छोट्या पेट्या आणल्या. एक घरी, एक बहिणीकडे, फिझाच्या कर्जतच्या घरी. निरोप दोन्हीकडे ठेवले, स्वतःच्या आणि फिझाच्या फोनवरचेही त्यातच घातले, आणि तिघांचे फोन मोकळे केले. चाचा आता घरच्या पेटीतला निरोप फोनवर लावून ऐकू लागले. आळीत सांगत सुटला, एक घर जळलं तरी अम्मी दुसऱ्या घरात हाय. पेट्यांत जागा बेताची म्हणून पुसलेलं जपून ठेवायची सोय मात्र त्याने बंद केली. घरात कोण पुसणार? एका पेटीत जे होईल ते दुसरीत आपोआप व्हावं, एवढंच लावून दिलं.

एका मंगळवारी तो साजगावला कामात असताना अलीचाचांचा फोन आला.

“सुफियान, बोलत नाय रं ती.”

त्याने जागेवरूनच पेटीची नोंद उघडली. दुपारी पावणेतीनला कर्जतहून अम्मीचा अख्खा कप्पा पुसला होता. पाठोपाठ खालापुरातलाही गेला. त्याने फिझाला फोन लावला.

फिझाने पेटी टीव्हीला जोडली होती. गाणी लावायला गेली आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता अम्मी बोलायला लागली: फिझा, कधी येशील गं? त्या निरोपानंतर चार दिवसांनी अम्मी गेली होती. त्या चार दिवसांत फिझा माहेरी आली नव्हती.

“मला नाय ऐकवलं रं,” ती म्हणाली. “मी माझ्या घरातलं काढलं. तुमच्याकडं हाय ना?”

सुफियान थंड हॉलमध्ये उभा होता.

“हाय,” तो म्हणाला.

अब्बांना त्याने संध्याकाळी सांगितलं, माझ्या मांडणीत चूक झाली, गेलं सगळं. फिझाला हाय म्हणून सांगितलंय. चाचा म्हणाले, तिला तसंच वाटू दे.

पुसलेलं परत मिळतंय का म्हणून दोन दिवस रजा टाकून त्याने घरची पेटी खरवडली. काही हाती लागलं नाही. चाचींचा स्वतःचा फोन चाळिसाव्या दिवसाच्या फातेहानंतर पुसून कोणा गरजूला देऊन टाकलेला. मग तो दारोदार विचारत फिरला, आमच्या अम्मीचा एखादा निरोप हाय का? चिडवणारे सगळे खाली बघू लागले. कोणी जपला नव्हता. मिळाला तो किराणावाल्या विलासकडे. आळशी म्हणून सगळे त्याला हसतात. त्याने फोनमधलं कधी काही काढलंच नव्हतं.

“विलासभाऊ, तांदळात किडे हायत. आमचे हे बघून घेत नायत, तुमी तरी बघून देत जा.”

सुफियानने तो अब्बांच्या फोनवर घेतला. अलीचाचांनी ऐकला. “विलासला बोलतेय,” एवढंच म्हणाले, आणि फोन खिशात ठेवला.

रविवारी फिझा आली. असर झाल्यावर ओट्यावर बापाशेजारी बसली. म्हणाली, अब्बा, अम्मीचा लावा, आता ऐकेन मी.

चाचांनी लावला. किडे ऐकून ती हसली, आणि हसता हसता तिने ओढणी तोंडाला धरली. जरा वेळाने म्हणाली, “आणखी एक लावा ना.”

आत मोरीत सुफियान भांडी विसळत होता. त्याचे हात थांबले, नळ तसाच वाहत राहिला.

“आज एवढाच गं,” अलीचाचा म्हणाले. “रोज एकच ऐकतो मी.”