टेपचं दुमडलेलं टोक

बोटींच्या धक्क्यावर त्याला सगळे मीटरमास्तर म्हणत. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, हा विजेचा मीटर ठेवी. तीस वर्षं प्रवासी बोटींच्या मोटारी आणि वायरी सांभाळल्या, पण देवाचं नाव घेतल्याशिवाय एक फळी उघडली नाही.

त्या सकाळी कप्तानाने त्याला सगळ्यांदेखत झापलं. मोठ्या बोटीचा बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं नाक डावी-उजवीकडे ढकलणारा पाण्याखालचा पंखा, आठवड्यात तिसऱ्यांदा ऐन धक्क्याला लागताना बंद पडला होता. बोट कठड्यावर आपटली आणि एक म्हातारी पडली.

"दुपारच्या फेरीपर्यंत चालू झाला तर ठीक, मास्तर. नाहीतर उद्यापासून तुमचा धाकटा बघेल. तोच म्हणत होता, दादाला हल्ली नीट दिसत नाही."

"कोण, आमचा?"

"मग काय माझा?"

मास्तर कसनुसा हसला. काळजीपोटी बोलला असेल, असं त्याने मनाला समजावलं. आई गेल्यावर धाकटा याच्याच घरात वाढला. वहिनीने घास भरवले, दादाने हातात पकड दिली. अजूनही दुपारचं जेवण तिथेच.

खाली उतरून त्याने बॅटरीला मीटर लावला. साडेबारा व्होल्ट. मोटारीला लावला, तिथेही साडेबारा. वरून खलाशाने थ्रस्टरची दांडी दाबली, तर मोटार नुसती 'टक्' करून गप्प, आणि तिच्यावरचा आकडा धाडकन पाचावर. बॅटरीचा मात्र जेमतेम हलला. म्हणजे खोट मधल्या केबलमध्ये. एरवी पूर्ण आकडा दाखवायचा आणि भार पडला की हात वर करायचे!

त्याने आणखी दोनदा दांडी दाबायला लावली, मेन स्विच पाडला, चष्मा काढून खिशात घातला आणि केबलवरून हात फिरवत निघाला. तिसऱ्या बाकाखाली ती गरम लागली. तिथे टेप गुंडाळली होती. ही केबल त्याने स्वतः अखंड टाकलेली. तिथे टेपचं कामच काय?

नखाने टोक शोधायला गेला, तर ते आपणहून बोटात आलं. शेवट आत दुमडून छोटीशी जीभ काढलेली होती, पुढच्या माणसाला सोडवताना त्रास नको म्हणून. अख्ख्या धक्क्यावर असं करणारे दोघंच. एक तो स्वतः. दुसऱ्याला त्यानेच शिकवलं होतं.

टेपखाली तांब्याच्या बहुतेक तारा करवतीने सरळ कापलेल्या. मोजून दहा-बारा शिल्लक. मास्तर तिथेच बसला. घरी बायको देवापुढे हात जोडते तेव्हा आधी धाकट्याचं नाव घेते, मग नवऱ्याचं. नेमकं तेच आठवलं.

"दादा, सरक. कशाला गुडघे झिजवतोस? मी बघतो."

धाकटा शिडीवर उभा होता. पिशवीतून नव्या केबलचं वेटोळं डोकावत होतं, तेवढ्याच जाडीचं.

"केबल लागणार हे तुला मीटर न लावता कळलं?"

धाकट्याची नजर टेपवर गेली. त्याने पिशवी पाठीमागे घेतली.

"वीस वर्षं झाली, दादा. तुझ्यानंतर, तुझ्यानंतर... माझी पाळी कधी?"

"आणि ती म्हातारी पडली, तिला काय सांगू?"

धाकटा शिडी चढू लागला. पुन्हा वळला. "वहिनीला सांगू नकोस."

मास्तरने त्याच्या केबलला हात लावला नाही. स्वतःच्या कोठीतून आणली, टोकांना लग, म्हणजे तांब्याच्या टोप्या, दाबल्या, टेप गुंडाळली. जीभ काढली नाही. अंगठ्याने शेवट दाबून सपाट केला, कोणालाही सापडू नये असा.

बोटीचं नाक झोकात डावीकडे वळलं, मग उजवीकडे. कप्तान खूश.

"काय झालं होतं हो?"

मास्तरने कापलेला तुकडा त्याच्यासमोर ठेवला. "केबल कापली होती. मला दिसत नाही म्हणून ज्याने सांगितलं, त्याने."

घरी तीन ताटं मांडली होती. "भावजी कुठे राहिले?" बायकोने विचारलं. मास्तरने तिसरं ताट उचलून उपडं ठेवलं आणि मग सांगितलं. काही लपवलं नाही.

भात तसाच गार झाला. संध्याकाळी देवापुढे तिने हात जोडले. रोजचं पहिलं नाव ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं, आणि नवऱ्याच्या नावापासून सुरुवात केली.